वर्तणूक : चांगली

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या शाळेत मी ३१ वर्षे गणित शिकवले आणि त्यांतील शेवटची ९ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम केले. त्या ९ वर्षांत शाळा सोडल्याचे किती दाखले माझ्या सहीने गेले असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु त्या प्रत्येक दाखल्यावर एक रकाना होता आणि त्यातील मजकूर बहुधा एकच असे : ‘वर्तणूक : चांगली.’ आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी, जुन्या ट्रंकेत किंवा कागदपत्रांच्या पिशवीत, तो दाखला अजून असेल.

महोत्सव समितीने चारित्र्य आणि विश्वासार्हता यांच्या शिक्षणाविषयी बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम तो रकानाच आठवला. गणिताचे गुण देताना मी उत्तरपत्रिका दोनदा तपासत असे; अर्ध्या गुणासाठीही पालकांना उत्तर देण्याची तयारी ठेवत असे. वर्तणुकीचा रकाना मात्र मी कशाच्या आधारे भरला? ज्याने फारसा दंगा केला नाही, ज्याची तक्रार आली नाही, तो चांगला. म्हणजे मुलांच्या शांतपणाला मी प्रमाणपत्र देत होते. त्यांच्यावर कोणी विसंबून राहावे की नाही, याविषयी तो दाखला काहीच सांगत नव्हता. आज मी जे बोलणार आहे, ते त्या राहून गेलेल्या तपासणीविषयी आहे.

आपल्या शाळेचा जन्मच विश्वासातून झाला. रेल्वे, टपाल आणि बँकांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने या शहरात आलेल्या मोजक्या मराठी कुटुंबांनी साठ वर्षांपूर्वी दोन भाड्याच्या खोल्यांत वर्ग सुरू केले. वर्गणी देणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक होते की आज ना उद्या आपली बदली होणार आणि आपली मुले या शाळेतून मॅट्रिक होतीलच असे नाही. तरीही त्यांनी आपला पैसा दुसऱ्याच्या हाती दिला. तो हाती घेणाऱ्यांना आपण ‘विश्वस्त’ म्हणतो. या एका शब्दात दोन माणसे आहेत : विश्वास ठेवणारा आणि त्या विश्वासाला पात्र ठरणारा. शाळेत आपण मुलांना पहिल्याविषयी पुष्कळ सांगतो. थोरांवर श्रद्धा ठेवा, मोठ्यांचे ऐका. दुसरा माणूस कसा घडतो, हा अवघड प्रश्न आपण सुविचारांच्या फळ्यावर सोपवून मोकळे होतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीची रीथ व्याख्याने विश्वास याच विषयावर दिली आणि पुढेही त्या विषयाचा विचार चालू ठेवला. समाजातील विश्वास कमी झाला, तो वाढवला पाहिजे, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. त्यांचे म्हणणे असे की विश्वास सरसकट वाढवण्यात शहाणपण नाही. भोंदूवर ठेवलेला विश्वास वाढला तर नुकसानच वाढते. विश्वासास पात्र असलेल्यावर तो ठेवला जावा, हे महत्त्वाचे. आणि ही पात्रता त्या तीन गोष्टींत पाहतात : अंगीकारलेले काम करण्याची क्षमता, प्रामाणिकपणा आणि भरवशाचे सातत्य. मला ही मांडणी शिक्षिका म्हणून फार उपयोगी वाटली. जो विद्यार्थी खोटे बोलत नाही, पण सांगितलेले काम कधीच वेळेवर करत नाही, त्याला आपण सज्जन म्हणतो; त्याच्यावर सहलीच्या शिदोरीची जबाबदारी मात्र टाकत नाही. चांगुलपणा आणि विश्वासार्हता यांत हे अंतर आहे, आणि ते भरून काढणे हे शाळेचे काम आहे.

ते कसे करावे, याचा विचार आपल्या देशात झालेला नाही असे नाही. आपली शाळा सुरू झाली त्याच दशकात, १९६४ ते १९६६ या काळात, डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग काम करीत होता आणि आपले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. नैतिक शिक्षणासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तासिका असाव्यात, असे त्या आयोगाने सुचवले. त्याचबरोबर शाळेचे वातावरण आणि शिक्षकांचे वर्तन यांचा मुलांच्या मूल्यविचारावर मोठा परिणाम होतो, हेही त्याने स्पष्ट केले होते. पुढे १९९९ साली शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा या पाच मूल्यांचा आग्रह धरला. आम्ही शिक्षकांनी यांतून सोपे तेवढे उचलले. तासिका वेळापत्रकात आली. वातावरण आणि वर्तन हे शब्द अहवालातच राहिले. एका वर्षी मूल्यशिक्षणाच्या चाचणीत ‘प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगा’ या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या दोन बाकांवर अक्षरशः सारखे सापडले, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. शिक्षककक्षात आम्ही खूप हसलो. हसण्यासारखे त्यात फारसे नव्हते, हे मला उशिरा कळले.

महात्मा गांधींच्या आत्मकथेतील एक प्रसंग आपणा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे शिक्षण निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांत ‘केटल’ हा एक होता. मोहनदासाने तो चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खूण करून शेजाऱ्याच्या पाटीवर पाहण्यास सुचवले. पण शिक्षक तिथे कॉपी होऊ नये म्हणून उभे आहेत अशी या मुलाची समजूत, त्यामुळे ती खूण त्याच्या ध्यानातच आली नाही. बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर आले.

हा प्रसंग आपण मुलांना नेहमी मोहनदासाच्या बाजूने सांगतो. मी मात्र गेली कित्येक वर्षे त्या बुटाचा विचार करते आहे. ते शिक्षक दुष्ट नव्हते. साहेबांपुढे वर्गाची लाज जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या मुलांना जो धडा मिळाला, तो शब्दलेखनाचा नव्हता. वेळ पडली की असे करायचे असते, आणि ते करायला सांगणारा माणूस आपला गुरू असू शकतो, हा तो धडा होता.

हे मी दुसऱ्याविषयी बोलत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या वर्गाची तपासणी होती. आदल्या दिवशी मी मुलांना सांगितले, “साहेबांनी प्रश्न विचारला की सर्वांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा.” ही युक्ती माझी नव्हती, शिक्षकांच्या पिढ्यांनी ती वापरली आहे आणि माझ्याच बाईंकडून मी ती शिकले होते. तपासणी उत्तम झाली. सगळा वर्ग हात वर करून बसलेला, आणि मी उजव्या हातांतून नावे निवडते आहे. एक मुलगी तेवढी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. साहेब गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “बाई, मला उत्तर येत नव्हते. डावा हात वर केला असता, तर साहेबांना वाटले असते की येते. ते खोटे झाले असते ना?” मी म्हणाले, “पुढच्या वेळी अभ्यास करून ये.” शेरेबहीत माझ्या वर्गापुढे ‘उत्तम’ असा शेरा पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सहामाही परीक्षेत एका मुलाच्या कंपासपेटीत मला चिठ्ठी सापडली. मी त्याला शिक्षककक्षात नेऊन फार चांगले भाषण केले. बोलता बोलता मला त्या मुलीचा प्रश्न आठवला आणि माझे शब्द माझ्याच कानाला पोकळ वाटू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तोवर दुसऱ्यांसाठीच वापरत आले होते. त्या मुलाचे त्या विषयाचे गुण नियमाप्रमाणे गेले आणि ते जायलाच हवे होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून मी सांगितले की तपासणीच्या दिवशी मी तुम्हांला जे करायला लावले, ते चूक होते. मुले हसतील असे वाटले होते. कोणी हसले नाही. पुढच्या तपासणीत माझ्या वर्गातील ४२ मुलांपैकी १७ हात वर झाले, शेरा ‘साधारण’ मिळाला आणि आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक माझ्यावर बरेच दिवस नाराज होते. ती किंमत मोठी नव्हती. परंतु किंमत मोजल्याशिवाय हा धडा शिकवता येत नाही, एवढे मला समजले.

याच संदर्भात एका जुन्या संशोधनाची माहिती आपणांस द्यावीशी वाटते. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांची प्रामाणिकपणाच्या बाबतीत पाहणी केली आणि १९२८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची एक रीत अशी होती : मुलांनी सोडवलेल्या उत्तरपत्रिकांची गुपचूप नोंद करून ठेवायची, मग त्या मुलांकडे परत देऊन, सोबत उत्तरांची यादी देऊन, स्वतःच गुण देण्यास सांगायचे. कोणी उत्तर बदलले, हे नंतर ताडून पाहता येई. अशा परीक्षा वर्गात, घरच्या अभ्यासात, खेळात, निरनिराळ्या ठिकाणी घेण्यात आल्या. निष्कर्ष असा निघाला की मुलांची प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशी सरळ वाटणी करता येत नाही. वर्गात न फसवणारे मूल खेळात फसवते. एका विषयात कॉपी करणारे दुसऱ्या विषयात करत नाही. नीतीचे पाठ ऐकल्याने त्यांच्या वागण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. पुढील काळातील अभ्यासकांनी त्याच आकडेवारीची पुन्हा छाननी केली आणि अनेक प्रसंग एकत्र पाहिले तर माणसाच्या वागण्यात काही एक सूत्र सापडते, असेही दाखवले. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायला हरकत नाही. सूत्र असते; पण ते प्रसंगाप्रसंगाने विणले जाते, आणि ते प्रसंग पुष्कळदा आपण मोठी माणसे उभे करत असतो.

म्हणून आम्ही शाळेत एक प्रसंग मुद्दाम उभा केला. येथे बसलेल्या काही तुकड्यांना तो आठवत असेल. जिन्याखालच्या कपाटात वह्या, पेन्सिली आणि खोडरबर ठेवून आम्ही ‘विद्यार्थी भांडार’ काढले. विक्रेता नाही, कुलूप नाही. किमतीचा कागद आणि पैशांचा डबा. असे प्रयोग अन्यत्रही झाले आहेत. केरळातील काही शाळांत विद्यार्थ्यांनी अशी विक्रेत्याविना दुकाने चालवलेली आहेत. आमच्या भांडारात पहिल्या महिन्याअखेर ११ रुपयांची तूट आली आणि शिक्षकांच्या सभेत कुलूप आणण्याचा ठराव जवळजवळ झालाच होता. आम्ही तो एक महिना पुढे ढकलला आणि तुटीचा आकडा भांडाराच्या फळ्यावर लिहिला. कोणाला दटावले नाही, कोणाची झडती घेतली नाही.

दुसऱ्या महिन्याअखेर हिशेब ठेवणारा नववीतला विद्यार्थी माझ्याकडे आला. तूट होती ४ रुपये ३५ पैसे. तो म्हणाला, “बाई, मी घरून पैसे आणलेत. ते डब्यात टाकतो, म्हणजे हिशेब जुळेल.” मुलगा सद्भावनेने बोलत होता, आपल्या कारकिर्दीत भांडार बंद पडू नये, ही त्याची धडपड होती. मी त्याला म्हणाले, “तुझे पैसे तुझ्याजवळ ठेव. हिशेब जुळला नाही, तर जुळला नाही असे लिही.” त्याने वहीत लिहिले : ‘तूट ४ रुपये ३५ पैसे. कारण समजले नाही.’ आणि खाली सही केली. ती वही मी अनेक वर्षे जपून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. हिशेबाच्या बाबतीत ही म्हण घातक आहे. उघडी मूठ चार रुपये पस्तीस पैशांनी कमी भरली तरी तिच्यावर विसंबता येते. भांडारातली तूट पुढे घटत गेली. ती पूर्णपणे कधीच नाहीशी झाली नाही, हेही मी आपणांस सांगितले पाहिजे. नाहीतर या भाषणाचा हिशेबही मी खिशातून जुळवला असे होईल.

पालकहो, आता थोडे आपल्याविषयी.

गांधीजींच्याच आत्मकथेतील दुसरा प्रसंग चोरीचा आहे. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा काढला. मन खाऊ लागले, तेव्हा त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली, गुन्हा कबूल केला आणि शिक्षा मागितली. आजारी वडील अंथरुणावर उठून बसले, त्यांनी चिठ्ठी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ती फाडून टाकली. मुलाने राग आणि कठोर शब्द यांची अपेक्षा केली होती. पुढे आयुष्यभर सत्याचे प्रयोग करणाऱ्या माणसाच्या आरंभी कबुलीजबाब ऐकून घेणारा हा बाप आहे.

माझ्या अनुभवात चूक कबूल करणाऱ्या मुलाचे घरी काय होते, यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. प्रगतिपुस्तकावरची वडिलांची सही खोटी केली म्हणून मार खाल्लेली मुले मी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी पुढे खरे बोलायला शिकली नाहीत. सही अधिक हुबेहूब करायला शिकली. याचा अर्थ चुकीचा परिणाम मुलाने भोगू नये, असा मुळीच नाही. फोडलेल्या काचेचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून वळते करा. परंतु चूक केल्याची शिक्षा आणि खरे सांगितल्याची शिक्षा या दोन गोष्टी त्याला एकच वाटू लागल्या, तर दोष त्याचा राहत नाही.

आणि घरातले ते लहान लहान प्रसंग! गाडीत तिकीट तपासनीस दिसला की सहा वर्षांच्या मुलाला ‘चार सांग’ म्हणणे. लग्नाला गावी गेलो होतो, हे ठाऊक असताना ‘ताप आल्यामुळे गैरहजर’ अशी चिठ्ठी देणे. फोन वाजला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ प्रकल्पाची फाइल रात्री जागून आईने पूर्ण करणे आणि मुखपृष्ठावर मुलाचे नाव घालणे. आता तर निबंध यंत्राकडून लिहून मिळतो, आणि तो किती छान झाला याचे आपणच कौतुक करतो. यांतल्या प्रत्येक प्रसंगी आपला फायदा थोडासाच असतो. मूल मात्र त्या वेळी आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. डाव्या हाताची गोष्ट तीच आहे. फक्त वर्ग बदलला.

विश्वासार्हता शिकवण्याचा मला ठाऊक असलेला एकच मार्ग आहे : मुलांच्या हाती खरोखर काहीतरी सोपवणे. दहा वर्षांच्या मुलाला वाण्याकडे पाठवा आणि उरलेले पैसे त्याला मोजून द्यायला सांगा. आजीचे औषध रोज रात्री ठरलेल्या वेळी देण्याचे काम बारा वर्षांच्या मुलीकडे द्या, आणि सुरुवातीचे काही दिवस तिच्या नकळत लक्ष ठेवा. चुका होतील. जिथे चूक झाली तरी सावरता येते, अशाच कामांपासून आरंभ करावा. पण ज्याच्यावर कधी कोणी विसंबलेच नाही, तो विसंबण्याजोगा होईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. पोथीतली वांगी पोथीतच राहतात.

माजी विद्यार्थ्यांना मी काय सांगावे? तुम्ही आज कारखान्यांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत आहात. तुमच्यापैकी एखादा पुलाच्या काँक्रीटच्या चाचणीवर सही करत असेल, एखादी औषधाच्या बाटलीवरची मुदत तपासत असेल. त्या सहीवर विसंबणारा माणूस तुम्हांला कधी भेटणार नाही. त्याला तुमचे गुण ठाऊक नाहीत, तुमची शाळाही ठाऊक नाही.

समितीला माझी एक विनंती आहे. या महोत्सवाला आपण सर्वांनी देणग्या दिल्या आहेत. त्यांचा जमाखर्च याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापावा, आणि तूट आली असेल तर ती तूट म्हणूनच छापावी. ती विद्यार्थी भांडाराची वही मी आज सोबत आणली आहे. ती मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. तिची पाने पिवळी पडली आहेत. पण ‘कारण समजले नाही’ ही अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात.

आणि तुमच्या दाखल्यांवरचा माझा तो शेरा? तो मी विश्वासाने लिहिला होता, तपासून लिहिला नव्हता. तपासण्याचे काम तेव्हापासून तुमच्या शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी आणि तुमच्या मुलांनी केले आहे. त्यांनी तो कायम केला असेल, तर ही शाळा साठ वर्षे चालवल्याचे सार्थक झाले. जिथे केला नसेल, तिथे अजून वेळ गेलेली नाही. त्याची सुरुवात चूक आहे तशी लिहून, खाली सही करण्यापासून होते.